हलक्या गाडीचा घाट

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागले की वाटेत कार्लेखिंड येते. भारतात स्पोर्ट्‌स कार बनवण्याचे जे मोजकेच प्रयत्न झाले, त्यांतला एक अतिशय प्रामाणिक प्रयत्न याच भागात झाला. कारखान्याचे नाव चिंकारा मोटर्स. गुइडो आणि शमा बोथे या दांपत्याने तो उभा केला आणि तिथून ‘रोडस्टर १.८ एस’ नावाची एक छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी बाहेर पडू लागली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून फायबर ग्लासचे हलके अंग, लांब बोनेट आणि अंगाबाहेर काढलेली पुढची चाके. इंजिन मात्र आपल्या ओळखीचे, १.८ लिटरचे इसुझू. हिंदुस्थान मोटर्स तेच कॉन्टेसात आणि पुढे अँबॅसिडरमध्ये बसवत असे. ज्या इंजिनाने सरकारी साहेब आणि लग्नाची वऱ्हाडे वाहिली, ते इथे सुमारे ११५ अश्वशक्तीपर्यंत नेलेले आणि टनापेक्षा कितीतरी कमी वजनाच्या गाडीत बसवलेले.

महाड-पोलादपूरच्या लोकांना या गाडीविषयी फारशी माहिती नसते. खरे तर ती त्यांच्याच जिल्ह्याची. कार्लेखिंडीची गाडी असो की पोलादपूरची, नोंद व्हायची ती पेणच्या आरटीओत, ‘एमएच ०६’ याच मालिकेत. आणि अशा गाडीला साजेसा रस्ता जिल्ह्यात शोधायचा, तर अलिबागच्या सपाट किनाऱ्यावरून निघून महाड ओलांडावे लागते. पोलादपूरला महामार्ग सोडून महाबळेश्वरचा फाटा धरला, की तो सुरू होतो.

या गाडीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. कॉलिन चॅपमन हा बांधकामशास्त्र शिकलेला इंजिनिअर. त्याने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ बाजारात आणली. वजन पाचशे किलोंच्या आत. विमानाच्या सांगाड्याकडे पाहावे तसे तो गाडीकडे पाही. जो भाग दोन कामे करत नाही, तो काढून टाकता येतो का, हा त्याचा कायमचा प्रश्न. तेव्हा ब्रिटनमध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात घेतलेल्या गाडीवर खरेदी-कर लागत नसे. त्यामुळे अनेकांनी सेव्हन खोक्यांतून घरी आणली आणि स्वतःच्या हातांनी जोडली. पगारदार माणसाला परवडणारी स्पोर्ट्‌स कार अशी जन्माला आली. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तिथे तीच गाडी थोड्याफार फरकाने आजही बनते. जगभर तिच्या धर्तीवर असंख्य गाड्या झाल्या. कार्लेखिंडीची रोडस्टर त्यांतलीच एक.

स्पोर्ट्‌स कार म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती मुंबईत वरळीच्या सागरी सेतूवर घोंघावत जाणारी कोट्यवधींची गाडी. पाचशे-सहाशे अश्वशक्ती, आणि समोर रांग लागलेली. त्या ताकदीचा दहावा हिस्साही तिथे वापरता येत नाही. हलक्या स्पोर्ट्‌स कारचा सगळा विचार याच्या उलट दिशेने जातो. तिच्याकडे जे आहे ते सगळेच्या सगळे वापरता येते, तेही कायद्याने घातलेल्या वेगाच्या आत. चाळीसच्या वेगालाही ती पुरेपूर जिवंत असते. ज्याला गाडी चालवण्याची क्रियाच आवडते, कुठेतरी पोहोचणे ज्याच्यासाठी दुय्यम आहे, अशा माणसाची ती गाडी.

आंबेनळी घाट हे नीट समजावून देतो. पोलादपूरहून निघालेला रस्ता कापड्यावरून सावित्रीच्या खोऱ्यात शिरतो. मग डोंगराच्या कुशीत चढत वाडा-कुंभरोशीला येतो. तिथून एक फाटा प्रतापगडाकडे जातो आणि मुख्य रस्ता पुन्हा वळणे घेत महाबळेश्वरला पोहोचतो. एकूण अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वर आणि महाडचे बंदर जोडण्यासाठी याच बाजूने रस्ता काढला गेला आणि त्याला फिट्झजेराल्ड घाट असे नाव मिळाले. बैलगाडीच्या बेताने आखलेल्या त्या रस्त्याचा स्वभाव अजून गेलेला नाही. रुंदी बेताची, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याखाली दरी. सरळ तुकडा मिळाला तरी तो गिअर बदलेपर्यंत संपतो.

आता एक वळण जवळून पाहू. चढताना डावीकडे मोडणारा हेअरपिन हा सर्वांत अवघड, कारण आतल्या कडेला चढ एकाएकी उभा होतो. पावसाळ्यात वाहून आलेली खडी नेमकी तिथेच साचलेली असते. मोठी गाडी इथे बाहेरून फेर घेते, समोरच्याची अर्धी बाजू व्यापते आणि पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर येते. सेव्हनच्या घाटणीच्या गाडीत बसलेल्या माणसाला वेगळेच दृश्य दिसते. तो मागच्या चाकांच्या जवळ, इतका खाली बसलेला असतो की हात बाहेर काढला तर डांबराला टेकेल. समोर लांबलचक बोनेट आणि त्याच्या टोकाला, डोळ्यांसमोर उघडे, पुढचे डावे चाक. ब्रेक सरळ रस्त्यावरच लावून झालेला आहे, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे. स्टिअरिंग फिरवले की ते चाक वळताना प्रत्यक्ष दिसते. खडीवरून गेले की त्याची थरथर पाव सेकंदात तळहातात येते. पॉवर स्टिअरिंग नाही, आणि एवढ्या वजनाला त्याची गरजही नाही. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर हळूच दाबला की मागची चाके गाडीला ढकलतात. चढावर वजन मागे सरकलेले असते, त्यामुळे त्यांना पकडही चांगली मिळते. पुढच्या चाकांनी फक्त दिशा द्यायची. नाक वळते, कातळ मागे पडतो आणि पुढचे वळण समोर येते. या सगळ्यात वेगाचा काटा तिशीच्या वर गेलेला नसतो.

यात जादू नाही, पदार्थविज्ञान आहे. वळताना गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वजनाच्या पटीत वाढतो. टायरची पकड मात्र वजनाच्या त्याच पटीत वाढत नाही, ती थोडी मागे पडते. म्हणून सारख्याच टायरवर हलकी गाडी जास्त विश्वासाने वळते. उताराचा हिशेब तर याहून बोलका आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच. तिथून पोलादपूरला येईपर्यंत गाडी बाराशे मीटरहून जास्त खाली उतरते. आठशे किलोंची गाडी बाराशे मीटर उतरली, तर त्यातून सुटणारी ऊर्जा तीस लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेशी होते. चोवीसशे किलोंच्या एसयूव्हीसाठी हाच आकडा नव्वद लिटरवर जातो. ही सगळी उष्णता इंजिन, वारा आणि ब्रेक यांनी मिळून पचवायची. त्यातही गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिन अंग काढून घेते आणि बहुतेक भार एकट्या ब्रेकवर येतो. रविवारी संध्याकाळी आंबेनळी उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत जो जळका वास येतो, तो ब्रेकच्या लायनरचा असतो. घाटात उतरताना ब्रेक निकामी होतात ते असे तापून.

हलकेपणाचा हा धडा या भागाला नवा नाही. त्याचे नाव मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, सदतीस-एक अश्वशक्ती आणि वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. त्याआधी घाट चढायचा म्हणजे प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडर, वाटेत बोनेट उघडून रेडिएटर थंड करायचा आणि बाटलीतले पाणी ओतायचे. ८०० आली आणि मागे तीन माणसे, डिकीत बॅगा असूनही न तापता वर जाऊ लागली. तिच्यात ताकद थोडी होती. पण वाहायचे ओझेही थोडेच होते. ज्यांनी ती घाटात चालवली त्यांना गिअरचा बारीक हिशेब कळला. चढ यायच्या आधीच गिअर उतरवायचा, इंजिन मरू द्यायचे नाही, वळणात वेग राखायचा. स्पोर्ट्‌स कार चालवणारा नेमके हेच करतो.

ही तुलना केवळ कौतुकापोटी केलेली नाही. जपानमध्ये सुझुकीने १९९१ मध्ये कॅपुचिनो नावाची एक चिमुकली उघडी स्पोर्ट्‌स कार काढली. वजन सातशे किलोंच्या आसपास, इंजिन ६५७ सीसी, टर्बो लावलेले. सुरुवातीच्या कॅपुचिनोतले ते इंजिन सुझुकीच्या एफ कुळातले, म्हणजे आपल्या ८०० च्या इंजिनाचे सख्खे भावंड. आपल्याकडे तर खुद्द ८०० चे इंजिनच शर्यतीत उतरले. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी ते एकट्या चालकाच्या हलक्या शर्यतगाडीत बसवले आणि ‘फॉर्म्युला मारुती’ घडवली. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक ठरलेला नारायण कार्तिकेयन याची सुरुवात त्याच गाडीने झाली. ज्या इंजिनाने महाडची कुटुंबे महाबळेश्वरला नेली, त्यानेच हे केले. हलके अंग मिळाले की साधे इंजिन कुठवर जाते, याचा याहून चांगला दाखला देशात नाही.

असे प्रयत्न आणखीही झाले. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ काढली. तिचे अंग फायबर ग्लासचे, इंजिन रेनोचे ११४९ सीसी, साठ अश्वशक्ती, टप उघडा. गाडी गोड होती, पण खप झाला नाही. टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘रेसमो’ ठेवली, तेव्हा मात्र अनेकांना वाटले की आता खरेच काहीतरी घडणार. दोन आसने, १.२ लिटरचे टर्बो इंजिन मागच्या बाजूला, १९० अश्वशक्ती. कंपनीच्याच टियागोच्या घराण्यातल्या इंजिनावर एवढे साधलेले पाहून जाणकारही सुखावले. ती बाजारात आलीच नाही. कंपनीची आर्थिक गणिते असतील, ती तिची तिला ठाऊक. पण रेसमो निघाली असती तर देशातल्या तरुण इंजिनिअरांसमोर हलकी गाडी हे एक खरे, विकत घेता येणारे उदाहरण राहिले असते. हे नुकसान मोठे आहे.

याच काळात रस्त्यावरच्या गाड्या मात्र जड होत गेल्या. खुद्द लोटस कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतात आली ती ‘एलेत्रे’ घेऊन. ही विजेवरची एसयूव्ही, वजन जवळपास अडीच टन. चॅपमनच्या पाच सेव्हन एका पारड्यात टाकाव्यात आणि दुसऱ्यात ही एक. बॅटरी जड असते, सुरक्षेची साधने वजन वाढवतात, लोकांना उंच बसायला आवडते, ही कारणे खरी आहेत. कोकणातल्या खड्ड्यांना आणि पावसाळ्याला कंटाळलेल्या माणसाने उंच गाडी घेतली तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. तरीही पोलादपूर-वाडा रस्त्यावर शनिवारी सकाळी समोरासमोर अडकलेल्या दोन रुंद एसयूव्ही आणि त्यांच्यामागे खोळंबलेली एसटी पाहिली, की ही वाढ या रस्त्यांना पेलणारी नाही हे कळून चुकते. रस्त्याची रुंदी तीच राहिली, गाड्या तेवढ्या फुगल्या.

घाटाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि तीस जण गेले. एकच जण वाचला. २०२१ च्या जुलैत दरडींनी हाच रस्ता जागोजागी तोडला. त्याच पावसात महाड पाण्याखाली गेले आणि तळीये गावावर डोंगर आला. म्हणून या घाटात शर्यत लावणे, वेळ मोजत चढणे, त्याचे व्हिडिओ करणे हे शौर्य नव्हे, तो गुन्हाच मानला पाहिजे. हलक्या गाडीचा खरा चाहता ते करतही नाही. त्याला त्याची गरज पडत नाही. शिवाय तो धोका ओळखून असतो. अशा उघड्या, बुटक्या गाडीत एअरबॅग नसतात, ट्रकच्या चालकाला ती आरशात चटकन दिसत नाही, आणि अपघात झालाच तर आजच्या साध्या हॅचबॅकइतकेही संरक्षण तिच्यात नसते. जिथे पुढचे दिसत नाही तिथे हॉर्न, चढणाऱ्या गाडीला आधी वाट, एसटी दिसली की कडेला थांबणे, हे नियम तिच्यासाठी दुप्पट महत्त्वाचे.

पावसाचेही तसेच. महाबळेश्वरला एका मोसमात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पोलादपूरही फार मागे नाही. जून ते सप्टेंबर ही गाडी झाकून ठेवायची. महाडहून भोरला जाणारा वरंधा घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. पण नोव्हेंबर उजाडला की हाच प्रदेश उघड्या गाडीसाठी जणू राखून ठेवल्यासारखा होतो. बिरवाडी मागे टाकून माझेरीवरून वरंध्यात चढताना सकाळी थंडी बोचते. वाघजाईच्या देवळापाशी भजीच्या टपऱ्या लागतात, तोवर ऊन अंगावर येते. गाडीला छप्पर नसले की हवेतला प्रत्येक बदल कळतो. सावलीतून उन्हात, ओढ्याच्या गारव्यातून तापलेल्या कातळाजवळ. फेब्रुवारीत सावरी फुलतात, पाने गळून डोंगर उघडे पडतात आणि पुढची तीन वळणे आधीच दिसू लागतात. चालवणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

अशी गाडी बाळगण्यात चालवण्याइतकेच सुख आहे, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. तिच्यात लपवलेले काही नसते. बोनेट उचलले की इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचा दांडा, सस्पेन्शनच्या भुजा सगळे समोर. ज्या मिस्त्रीने अँबॅसिडर उघडली आहे, त्याला इसुझू इंजिन नवे नाही. मालकाला हळूहळू आवाजावरून टॅपेट सैल झाल्याचे कळू लागते, टायरच्या झिजेवरून अलाइनमेंट. आज नव्या गाडीत बिघाड झाला की लॅपटॉप जोडावा लागतो आणि मालक बाकावर बसून राहतो. हलकी गाडी मालकाला यंत्राशी ओळख करून घ्यायला लावते. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलांना अशी एक गाडी वर्षभर उघडायला आणि जोडायला मिळाली, तर पुस्तकातली निम्मी प्रकरणे हातांनी शिकून होतील. देशभरचे विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंटच्या धर्तीवरच्या स्पर्धांसाठी स्वतः हलक्या गाड्या बांधतात. मुंबई आयआयटीच्या मुलांनी तर विजेवरची शर्यतगाडी बांधून इंग्लंडमधल्या स्पर्धेत उतरवली. हौस आहे, कौशल्यही आहे. ती गाडी रस्त्यावर आणायची वाट तेवढी अरुंद आहे.

ती वाट अरुंद का झाली, हे नीट पाहायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधिक स्पष्ट केले. नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. टकरीच्या चाचण्या आल्या, २०१९ पासून एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, एप्रिल २०२० पासून धुरासाठी बीएस-६ चे निकष. यांतली एकही अट चुकीची नाही. सुरक्षा आणि स्वच्छ हवा यांत कुणी सवलत मागू नये. पण लाखो गाड्या बनवणारी कंपनी चाचण्यांचा खर्च लाखो ग्राहकांत वाटते, आणि वर्षाला वीस-पंचवीस गाड्या बनवणारा कारखाना त्याच खर्चाखाली मोडतो. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. अशा तपासणीमुळेच तिथे घरी जोडलेली गाडी आजही कायदेशीर ठरू शकते. जपानने छोट्या इंजिनांच्या केई गाड्यांचा वेगळा वर्गच ठेवला आणि त्यातून कॅपुचिनो जन्मली. आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेने परदेशी कंपन्यांना वर्षाला अडीच हजारपर्यंत गाड्या इथे पुन्हा मान्यता न घेता आणायची मुभा मिळाली. परदेशातून येणाऱ्या गाडीसाठी एवढा विचार होतो, तर कार्लेखिंडीसारख्या जागी हाताने गाडी घडवणाऱ्यासाठीही व्हायला हवा.

परिवहन मंत्रालयाने अल्पसंख्येत गाड्या बनवणाऱ्यांसाठी एकेका गाडीची, परवडेल अशा शुल्कात, पण ब्रेक, दिवे, पट्टे आणि धूर यांत कसूर न करणारी तपासणी सुरू करावी. महाड एमआयडीसीत आणि पुण्याच्या आसपास पत्रा, नळी, फायबर यांचे उत्तम काम करणारे हात आहेत, त्यांना हे काम जमेल. आणि ज्यांच्या अंगणात अजून मारुती ८०० उभी आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे, टायर, शॉकअप आणि ब्रेकचे लायनर नवे घालावेत, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या आडवारी, सकाळी सातच्या आत, पोलादपूरहून वाड्यापर्यंत एकदा चालवून पाहावी.